आखणी कोणाच्या हातची

नाना घोसाळकरांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं आहे, आणि एकतीस वर्षांत नानांनी मला एकदाही ‘छान’ म्हटलेलं नाही. ते ‘हं’ म्हणतात. सोंड वळवून दाखवली, हं. पीतांबराच्या निऱ्या उठवून दाखवल्या, हं. माझं लग्न ठरल्याचं सांगायला पेढे घेऊन गेलो, तेव्हाही पेढा तोंडात टाकून हं. बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण मी सोळाव्या वर्षी पेणला त्यांच्या दारात आलो तो त्या एका शब्दासाठी, असं म्हटलं तरी चालेल.

कारखाना म्हणजे गणपतीचा. पेणमध्ये तो शब्द उच्चारला की दुसरं काही डोळ्यांसमोर येत नाही. शाडूची मूर्ती साच्यातून काढायची, वाळवायची, रंगवायची आणि सगळ्यात शेवटी डोळे काढायचे. या डोळे काढण्याला आम्ही आखणी म्हणतो. पांढऱ्यावर बुबुळ, बुबुळाभोवती केसाएवढी बारीक रेघ, वर पापणी, भुवई आणि शेवटी चमकेचा एक ठिपका. हे झालं की मातीचा देव होतो. घोसाळकरांकडे तीन पिढ्यांचा नियम असा, की आखणी घरच्या कर्त्याने करायची. दुसऱ्याने त्या ब्रशला हात लावायचा नाही. आखणी झाली की मूर्तीसमोर पाट मांडून बसायचं आणि देव आपल्याकडे बघतो का ते पाहायचं. बघत असला की म्हणायचं, नजर बसली.

दहा वर्षांपूर्वी यंत्रहात आले आणि इतर बहुतेक कारखान्यांतली आखणी चाळीस सेकंदांवर आली. सगळे गणपती एकसारखे बघायला लागले. त्यामुळे झालं असं, की परदेशातल्या आपल्या मंडळींना माणसाच्या हातचेच डोळे हवेसे झाले. तेही नावानिशी. प्रत्येक मूर्तीच्या पाटाखाली दाखला चिकटवायचा, त्यावर प्रश्न छापलेला: आखणी कोणाच्या हातची? आमच्या दाखल्यांवर अर्थात नानांचं नाव असायचं. पूर्वी कोणीतरी साहेब यायचा, चहा प्यायचा आणि सही करून जायचा. पण खोट्या दाखल्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा सरकारने नियम केला की सही अढळ माणसाचीच पाहिजे.

आणि यंदा आमच्या वाट्याला जी अढळ आली, ती नानांची मुलगी शाल्मली. आपल्याच घरची तपासणी तिच्याकडे कशी, असं मी पहिल्या दिवशी विचारलंही. कचेरीतले लोक म्हणे हसले होते. अढळ माणसाला नातं असलं काय नि नसलं काय!

अढळ म्हणजे काय ते शालूने आम्हाला मातीच्या टाकीवर बसून समजावलं होतं. आपण काही चुकीचं करायला निघालो की डोक्यात दोन आवाज उठतात. एक नुसता म्हणतो, ‘नको.’ दुसरा हिशेब मांडतो: कोणाला लागेल, कोणाचं भलं होईल, थोडं खोटं बोललं तर काय बिघडलं? दोघांची मेंदूतली जागा वेगळी, वाटा वेगळ्या. एरवी त्यांची रस्सीखेच चालते आणि बहुतेक वेळा दुसरा जिंकतो. प्रक्रियेत माणसाने एकच नियम निवडायचा. तो नियम मनात घोळवत असताना, आठवण मऊ झालेली असते त्या काही मिनिटांत, बारीक ध्वनिलहरींनी त्या एका नियमापुरती दुसऱ्या आवाजाची वाट बंद करायची. अशा नऊ बैठका. मग तो नियम मोडायचा विचारच पूर्ण होत नाही. “तू चालताना मध्येच श्वास घ्यायचा नाही असं ठरवून बघ,” ती म्हणाली, “थोडा वेळ जमेल, मग छातीच घेईल. तसं होतं.”

तिने निवडलेला नियम: खोटं बोलणार नाही, लिहिणार नाही.

“आणि कोणाच्या जिवावर बेतलं तर?” आमच्याकडे रंगकाम करणाऱ्या मंजुळाबाईंनी विचारलं.

“गप्प बसेन. गप्प बसायला बंदी नाही.”

“गप्प बसून भागणार नसेल तर?”

“तर खरं सांगेन, मावशी. मग रडेन.”

मंजुळाबाईंनी कानाला हात लावला. मला मात्र त्या मुलीचा त्याच क्षणी राग आला, आणि तो कशाचा होता ते आता लपवण्यात अर्थ नाही. नाना तिच्याकडे बघत होते. मान जराशी तिरकी करून. ही तिरकी मान त्यांनी हल्लीच काढली होती, आणि मला ती म्हातारपणीची ऐट वाटायची. त्या तिरक्या नजरेत जे कौतुक होतं ते मी एकतीस वर्षांत माझ्याकडे वळलेलं पाहिलं नव्हतं.

त्यानंतर रोज तेच सुरू झालं. “शालू, सोंड कशी आहे गं?”

“जड झालीय, बाबा. खालचा वळसा मोडतोय.”

आणि ज्या माणसाला उभ्या पेणमध्ये कोणी चूक दाखवली नव्हती, तो माणूस मांडी ठोकून हसायचा. बोटाने वळसा चाचपायचा आणि मोडून पुन्हा करायचा! “हिचं ‘चांगलं’ म्हणजे चांगलं,” हे वर. मग माझं ‘छान’ काय होतं? मीही इतकी वर्षं म्हणत होतो की. माझं ‘छान’ म्हणजे छताच्या पंख्याची घरघर. चालू आहे तोवर कोणी ऐकत नाही.

शालूचं मात्र सगळं गोडच चाललं होतं असंही नाही. तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. मुलाने एके दिवशी लाडात विचारलं, मी तुला पहिल्यांदा पाहताच आवडलो का, आणि हिने नाही म्हणून सांगितलं. शेजारच्या काकू करंज्यांचं ताट घेऊन यायच्या, त्या आता ताट ठेवून पळतच जायच्या. हे सगळं मला दिसत होतं. पण हेवा वाटायला लागला की समोरच्याचं दुःखसुद्धा मिरवल्यासारखं दिसतं.

आता माझं गुपित. दोन वर्षांपूर्वीच्या ज्येष्ठात एका सकाळी मी लवकर आलो, तर आदल्या दिवशी नानांनी आखलेल्या मूर्तींतल्या चारांचे डावे डोळे खाली उतरले होते. बुबुळ एकीकडे, चमक दुसरीकडे. बाकीच्याही अशाच, जरा कमी. मी दार लावून घेतलं. नानांचा ब्रश घेतला. जुन्या रेघांवर पांढऱ्याचा हात दिला आणि डोळे पुन्हा काढले. पाट मांडला, बसलो, नजर बसली. नऊ वाजता नाना आले, मान तिरकी करून फिरले, आणि संध्याकाळी जाताना नेहमीप्रमाणे त्यांनी विचारलं, “काय रे, कसे झालेत?”

“छान, नाना.”

“हं.”

तेव्हापासून दोन हंगाम, रोज पहाटे पाचला मी. घोसाळकरांचे डोळे म्हणून जे जगभर गेले ते माझे. नाना लोकांना सांगत, म्हातारपणी हात बसलाय हल्ली. आणि मी शेजारी उभा राहून मान डोलवत असे. अभिमानही वाटायचा आणि हात चोळावेसेही वाटायचे, दोन्ही एकदम.

शालूने पहिल्याच आठवड्यात मला विचारलं होतं, “वामनदादा, आखणी बाबांचीच ना?” मी म्हटलं, “मग कोणाची?” अढळ माणूस खोटं बोलत नाही, पण दुसऱ्याचं खोटं त्याला वासाने कळतं असं काही नाही. तिने मान हलवली. मात्र दाखल्यांवर सह्या केल्या नाहीत, आधी मूर्ती बघते म्हणाली.

मंगळवारी दुपारी ती पाटावर बसलेली मला दिसली. एका मूर्तीसमोर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मी जवळ गेलो तशी ती म्हणाली, “लहानपणी मी इथेच बसायचे. बाबांचा गणपती कपाळावर बघायचा माझ्या. आता मी मोठी झाले, तर गळ्याशी बघायला हवा. हे सगळे माझ्या जोडलेल्या हातांकडे बघतायत.”

माझी उंची पाच फूट. नावाला जागलोय असं सगळे चिडवतात. नजर बसवताना मी माझ्याच डोळ्यांच्या उंचीने बसवणार, दुसऱ्या कोणाच्या बसवणार? दोन वर्षं सगळी काळजी घेतली आणि ही गोष्ट काही माझ्या डोक्यात आली नाही.

“मला कोणी विचारलं नाही तोवर मी बोलणार नाही,” शालू म्हणाली. “पण शुक्रवारी माल बंदरावर जायचाय. दाखल्यावर मला खरं नाव लिहावं लागेल आणि बाबा ते वाचतीलच. त्याआधी तू सांग त्यांना. तुझ्याकडून कळलं तर बरं.”

किती समजूतदारपणे बोलली! तिथेच माझं डोकं फिरलं. काल आलेली मुलगी मला वागायचं कसं ते शिकवणार. मी त्या म्हाताऱ्याची लाज दोन वर्षं पदराखाली झाकली, ते पाप. आणि ही ती चव्हाट्यावर आणणार, ते पुण्य. मनात आलं, नानांना सांगायचंच आहे ना, मग हिच्याच तोंडून जाऊ दे. तिच्या खऱ्याची चव कळू दे त्यांना एकदा. आणि खरं सांगतो, त्यामागे आणखी एक गोष्ट होती. सगळ्यांसमोर कोणीतरी माझं नाव घ्यावं असं मला वाटत होतं. तेही जिच्या शब्दावर कोणी शंका घेणार नाही अशा माणसाने.

बुधवारी चारच्या चहाला सगळे जमले होते. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, “नाना, शालूला सोंड विचारता, कान विचारता. डोळ्यांचं कधी विचारलंच नाहीत. विचारा की.”

नानांचा कप वाटेतच थांबला. मला वाटलं होतं ते हौसेने विचारतील. पण त्यांनी आधी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, “कसे आहेत गं डोळे?”

शालूने माझ्याकडे पाहिलं. “नाही सांगत, बाबा.”

आमच्याकडे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं की ‘नाही सांगत’ हेही उत्तरच असतं. मंजुळाबाईंनी मान खाली घातली.

“बिघडलेत का?”

“नाही. चांगले आहेत. फार चांगले आहेत.” तिने कप बाजूला ठेवला. “पुढचं विचारू नका.”

“विचारतोय मी.”

गप्प राहायचं म्हटलं असतं तर ती राहू शकली असती. पण नाना उठून तिच्यापुढे उभे राहिले होते. “तुमच्या हातचे नाहीत, बाबा.”

 नाना म्हणाले, “कधीपासून?” तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “दोन वर्षं.”

“कोणाचे? बाहेरून कोणी बोलावला होतास?”

ते ऐकून मला जे झालं ते सांगता येत नाही. एकतीस वर्षं शेजारी बसलेला माणूस, आणि त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

“वामनदादाचे आहेत,” शालू म्हणाली.

नाना माझ्याकडे वळले. मान तिरकी केली. ‘हं’सुद्धा म्हणाले नाहीत. भिंतीला हात लावत लावत मागच्या दाराने घरात गेले. शालू रडत होती. मंजुळाबाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, “झालं समाधान?”

गुरुवारी नाना आले नाहीत. मी उघडपणे नानांचा ब्रश घेऊन बसलो आणि उरलेल्या मूर्ती आखल्या. कोणी अडवलं नाही, कोणी काही बोललंही नाही. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच होतं का, असं वाटायला लागलं. शेवटी दारासमोरची तीन फुटांची मोठी मूर्ती राहिली. रंग झाला होता, डोळ्यांत नुसतं पांढरं. दरवर्षी ती नाना सगळ्यात शेवटी करत. तिला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

शुक्रवारी सकाळी नाना आले. धुतलेला सदरा, दाढी केलेली. बरोबर शालू. ते कोणाशी बोलले नाहीत. पाट उचलला आणि त्याच मोठ्या मूर्तीसमोर मांडून बसले. मान उजवीकडे तिरकी केली, मग डावीकडे. आम्ही सगळे बघत होतो.

“छान,” नाना म्हणाले.

मी मूर्तीकडे पाहिलं.

“छान आलेत डोळे, वामन. नजर माझ्यापेक्षा खाली बसलीय, पण बसलीय. मीच सांगायला पाहिजे होतं कधीतरी, तुझा हात चांगला आहे. राहून गेलं.”

मूर्तीला डोळे नव्हते. पांढऱ्या दोन खाचा तेवढ्या होत्या.

मंजुळाबाईंचं तोंड उघडलं. मी ओठांवर बोट ठेवलं. तेवढ्यात नाना म्हणाले, “शालू, खरं ना?”

मी तिच्याकडे पाहिलं. आयुष्यात कोणाची इतकी विनवणी केली नसेल तेवढी त्या एका बघण्यात केली. ती ओठ घट्ट मिटून उभी होती. तिची छाती वरखाली होत होती. मग ती सावकाश, एकेक शब्द चाचपत म्हणाली, “वामनदादाने आखलेल्या मूर्तींची नजर बसते, बाबा. मी प्रत्येकीसमोर बसून बघितलंय.”

“हं,” नाना म्हणाले आणि त्यांनी मंजुळाबाईंना चहा टाकायला सांगितलं.

मी शालूला मागच्या अंगणात गाठलं. “तुला माहीत होतं?”

“बुधवारी रात्री सांगितलं त्यांनी. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. कडेचं दिसतं, बघतो तिथलं दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, उशीर झाला.”

“मग दोन वर्षं ते आखत कसे होते?”

“हाताच्या सवयीने. आणि तुझ्या भरवशावर.” ती मातीच्या टाकीच्या काठावर बसली. “रोज संध्याकाळी विचारायचे ना तुला? ज्या दिवशी वामन वाईट म्हणेल त्या दिवशी ब्रश ठेवायचा, असं ठरवलं होतं त्यांनी. तू रोज छान म्हणालास.”

मीही काठावर टेकलो. माझं ‘छान’ कोणी ऐकत नाही म्हणून जळत होतो, आणि तो माणूस दोन वर्षं त्या एका शब्दाला धरून चालत होता. मी त्यांना झाकलं असं मला वाटत होतं. तसं काही नव्हतं. मी पहिल्याच दिवशी खरं बोललो असतो, तर त्यांनी आपल्या हाताने ब्रश ठेवला असता आणि कदाचित माझ्याच हातात दिला असता. वर डॉक्टरांकडेही वेळेवर गेले असते.

“तुला डोळ्यांचं का नाही विचारायचे मग? तू तर खरंच सांगतेस.”

“म्हणून असेल. तुझ्यावर विश्वास होता की माझी भीती होती, मला माहीत नाही. दोन्ही असेल.” तिने बोटाने काठावरची माती खरवडली. मग म्हणाली, “मला हेवा वाटतो तुझा.”

मला वाटलं ती टोमणा मारतेय. पण ती टोमणा कशी मारणार?

“मघाशी बाबा खोटं बोलले. समोर काय आहे ते दिसत नव्हतं, तरी छान म्हणाले. आयुष्यात ते असं कोणासाठी बोलले नसतील. अढळ झाल्यापासून चार वर्षांत माझ्याशी कोणी असं खोटं बोललेलं नाही, वामनदादा. सगळे मला मोजूनमापून खरं सांगतात आणि निघून जातात. माझ्याशी खोटं बोलावं एवढी माया आता कोणाला येत नाही.”

तिला काहीतरी चांगलं म्हणावंसं वाटलं. ‘छान’ जिभेवर येऊन परत गेलं. शेवटी मी म्हणालो, “परवा तू केलेला भात करपला होता.”

“माहितेय,” ती म्हणाली आणि डोळे पुसता पुसता हसली.

दाखल्यांवर तिने माझं नाव लिहिलं. मोठ्या मूर्तीचा दाखला कोरा ठेवला. गाडी दुपारच्या ऐवजी संध्याकाळी पाठवा म्हणून तिनेच फोन केला.

त्या मूर्तीपुढे बसलो तेव्हा नाना चहा घेऊन बाजूच्या खुर्चीवर बसले होते. मी सांगितलं, “नाना, या मूर्तीचे डोळे अजून काढलेले नाहीत. सकाळी नव्हते.” खुर्ची करकरली. ते उठून गेले नाहीत. मी ब्रश बुडवला. उजवा डोळा झाला. डाव्याची पापणी ओढताना रेघ खाली घसरली.

“काय रे,” नानांनी विचारलं, “कसे झालेत?”

“उजवा चांगला आहे. डावा उतरलाय, नाना. पांढरा देऊन परत करावा लागेल.”

“हं.” त्यांनी कप खाली ठेवला आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. “कर मग. मी बसलोय.”